इंग्रजी जिभेवर संस्कृत बसवताना

माझ्या भाचीचा नवरा अमेरिकन आहे. मागे एकदा गणपतीच्या महिनाभर आधी त्याचा मेसेज आला, मावशी मला वक्रतुंड नीट शिकव, इथे सगळे डोळे मिटून म्हणतात आणि मी नुसते ओठ हलवत उभा असतो. मला काय, हुरूपच आला. त्याच रात्री वर्णमालेचा तक्ता पाठवला, सोबत माझ्या आवाजात क ख ग घ ङ. आठ दिवसांनी त्याचं रेकॉर्डिंग आलं, "वाक्राटूंडा माहाकाया सूरियाकोउटी", आणि खाली लिहिलेलं, अगदी तुझ्यासारखंच आलंय ना?

त्याला खरंच तसं ऐकू येत होतं, हे माझ्या लक्षात यायला अजून पंधरा दिवस गेले. क आणि ख वेगळे आहेत हे तुम्ही शंभर वेळा म्हणून दाखवा हो, पण ज्याच्या कानाला लहानपणापासून त्यात फरक करायची वेळच आली नाही त्याला ते एकच वाटणार. मग तक्ता गुंडाळून ठेवला. आणि शिकवता शिकवता एक गोष्ट कळली, की संस्कृतातले बहुतेक सगळे आवाज इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडात आधीपासून असतात, फक्त कुठल्या कोपऱ्यात पडलेत ते त्याला ठाऊक नसतं. तर नवा आवाज शिकवायच्या भानगडीत न पडता त्याच्याच शब्दांतून तो हुडकून हातात द्यायचा. ज्यांच्या घरात असा जावई, सून, तिकडेच वाढलेली नातवंडं किंवा योगाच्या क्लासवाली मैत्रीण आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. जाता जाता आपल्या मराठी जिभेच्या खोडीही निघतील, त्याला इलाज नाही.

आधी स्पेलिंगचं भूत उतरवा. त्यांच्या पुस्तकांत रोमन अक्षरं असतात, कुणाच्या डोक्यावर रेघ, कुणाच्या पोटाखाली टिंब. ही हौसेची नक्षी नव्हे, १८९४ साली जिनिव्हाला प्राच्यविद्येची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती तिथे लिप्यंतराची जी रीत ठरली तिच्यावरच आजची रीत उभी आहे. रीत पक्की आहे पण वाचणाऱ्याला ती कुणी सांगितलेलीच नसते. त्यात नुसता सी म्हणजे च, हे माहीत नसलं की चित्ताचं "सिट्टा" होतं. टी-एच म्हणजे थ, पण थिंकमधला नव्हे, आणि पी-एच म्हणजे फोनमधला फ नव्हे, प ला ह जोडलेला. वर योगाच्या साइटवाले या खुणा गाळूनच टाकतात, मग शवासनातल्या एसच्या डोक्यावरची तिरकी रेघ गेली की लोक म्हणतात "सवासना". आता सवासन म्हणजे वासनांसकट! प्रेतासारखं निपचित पडायचं सोडून भलतंच.

देवनागरी शिकवावी का? माझं मत, शिकवावी, महिन्या-दीड महिन्यात येते, पण पहिल्या दिवशी नको. पहिले काही दिवस कागदावर काही लिहूच नका, नुसतं तोंड आणि कान. डोळ्यांना इंग्रजी अक्षर दिसलं की तोंड आपोआप इंग्रजी होतं.

कागद लागतो तो दुसऱ्या कामाला. पातळ कागदाची पट्टी घ्यायची, तोंडासमोर चार बोटांवर धरायची आणि त्याला इंग्रजीत "पिन" म्हणायला सांगायचं. कागद फडफडतो. आता "स्पिन" म्हण. कागद ढिम्म. म्हणजे त्यांच्या पिनमध्ये आपला प नाहीच, तो जवळजवळ महाप्राण आहे, म्हणजे ह सारखी हवा सोडत म्हटलेला, ज्याला आपण मराठीत फ चा जुना उच्चार म्हणू तसा, आणि खरा अल्पप्राण प लपून बसलाय स्पिनमध्ये. तसंच किन आणि स्किन, टॉप आणि स्टॉप. माझ्या भाचजावयाने व्हिडिओ कॉलवर हे पाच-सहा वेळा करून पाहिलं, मग शेजारच्या खोलीतून भाचीला बोलावून तिला करून दाखवलं, चाळीस वर्षं हे शब्द बोलतोय आणि आपण दोन वेगळे प वापरतो हे त्याला आज समजलं होतं. एवढं झालं की अर्धी लढाई जिंकली, कारण आता कानाला काम नाही, कागद सांगतो.

पुढची पायरी, स्पिनमधला स लांबवायचा, स्स्स्स्पिन, मग स मनातल्या मनात म्हणायचा आणि पिन मोठ्याने, कागद हलता कामा नये. आला प. स्किनवरून क. हे जमेपर्यंत ख कडे जायचं नाही, कारण ख त्यांना येतोच, येत नाही तो क. उगाच नाही म्हणत, संस्कृतात कर म्हणजे हात आणि खर म्हणजे गाढव, त्यामुळे इंग्रजी थाटात कुणी "करकमल" म्हणालं की कमळ गाढवाच्या पायाशी जातं. हे सांगितलं की पोरं तर क कधीच विसरत नाहीत.

घ झ ढ ध भ जरा जड जातात. नुसत्या इंग्रजीत हे आवाज एका शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, पण दोन शब्दांच्या सांध्यात सापडतात. डॉगहाऊसमध्ये घ आहे, हेजहॉगमध्ये झ, मॅडहाऊसमध्ये ढ आणि ध च्या मधलं काहीतरी, क्लबहाऊसमध्ये भ. युक्ती अशी की पुढचा भाग हळूहळू खायचा. क्लबहाऊस भराभर दहा वेळा म्हण, आता क्ल सोड, "अबहाऊस", आता अ पण सोड, "भाऊस". शेवटचा स काढला की काय उरलं? भाऊ! आमच्याकडे त्या दिवसापासून त्याच्या मेव्हण्याला तो अगदी ठसक्यात भाऊ म्हणतो, आधी "बाऊ" म्हणायचा आणि सगळे हसायचे. एक सांभाळा, घाईत ते ब आणि ह च्या मध्ये बारीकसा अ घुसवतात, "बहाऊ", तो काढून टाकायला वेगच वाढवावा लागतो, हळू म्हणून तो जात नाही. ख साठी बॅकहँड, फ साठी हॅपहझार्ड किंवा अपहिल, ठ साठी हॉटहेड. आणि फ च्या बाबतीत आपणही गप्प बसलेलं बरं, कारण शहरातला मराठी माणूस फळ, फूल सर्रास दात ओठावर टेकवून इंग्रजी एफने म्हणतो. फलम् म्हणताना दोन्ही ओठ मिटले पाहिजेत.

आता त आणि ट, इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जाऊ द्यावा.

आपण इंग्रजीतलं टेबल ट ने लिहितो म्हणून आपल्याला वाटतं त्यांना ट येतो आणि फक्त त शिकवायचाय. तसं नाहीये. त्यांचा टी दातांवरही नाही आणि टाळूवरही नाही, वरच्या दातांमागे हिरडीचा जो उंचवटा लागतो ना, तिथे जीभ टेकते. म्हणजे त साठी ती पुढे आणायचीय आणि ट साठी मागे न्यायचीय. दोन्ही हलवायचंय.

पुढे आणायला त्यांच्याच थिंकचा उपयोग करा. थिंक म्हणायला जीभ दातांना लाव, तिथेच थांब, आता हवा घासून सोडायची नाही, पूर्ण अडवायची आणि मग एकदम सोडायची. त आला. दॅट, दिस यांची जीभ लावून हवा अडवली की द. न साठी टेन्थ म्हणायला सांगा, त्या टेन्थमधला एन पुढच्या टीएचच्या नादाने आपोआप दातांवर येतो, तोच आपला न. आरसा असेल तर उत्तम, जिभेचं टोक किंचित दिसलं पाहिजे. ओळखीत कुणी आयरिश असेल तर नशीब काढलंत, त्यांच्यातले बरेच जण थिंकचा उच्चार मुळातच त सारखा करतात. मात्र कागदाची पट्टी इथेही समोर हवी, नाहीतर तुम्ही त शिकवाल आणि तो थ शिकेल.

मागे न्यायला मी पीनट बटर वापरते. खरंच. टाळूला पीनट बटर चिकटलंय आणि ते जिभेच्या टोकाने खरवडून काढायचंय, जीभ मागे वळव, हं, तिथे, आता तिथूनच टी म्हण, डी म्हण, एन म्हण. ट ड ण. अमेरिकन असेल तर अजून एक सोय आहे, ते आर खराखुरा म्हणतात त्यामुळे हार्ड, कार्ट, बार्न या शब्दांत जीभ आधीच मागे सरकलेली असते, हार्डमधला ड ऐका, त्यांच्या एरवीच्या डीपेक्षा आपल्या कानाला बरा लागतो. ब्रिटिश बहुतेक जण तो आर खातात, त्यांना पीनट बटरच.

मग दोन्ही एकत्र. दण्ड, तट, तुण्ड. दातावरून टाळूवर, एका शब्दात. सुरुवातीला जीभ अडखळते, गाडीचा गिअर अडकावा तशी, पण चार दिवसांत सुटते.

स्वरांकडे वळू. अ म्हणजे कपमधला, बटमधला. आ म्हणजे फादरमधला. रोमनमध्ये दोन्हीला ए असल्यामुळे ते सगळ्याचाच आ करतात, नमस्तेचं "नामास्टेय". बल म्हणजे शक्ती आणि बाल म्हणजे मूल हे सांगून हसवायचं आणि टाळ्यांवर घ्यायचं, ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. इ-ई, उ-ऊ ला पण हेच. कर्णाची गोष्ट माहीत असेल त्याला सांगा की सूतपुत्र म्हणजे सारथ्याचा मुलगा, आणि ऊ आखूड करून सुतपुत्र म्हटलंस तर मुलाचा मुलगा, नातू. कर्णाचं सगळं दुःख एका मात्रेत गेलं.

मात्रा शिकवायला आपल्या पूर्वजांनीही पोरांना समजेल असंच काढलंय. पाणिनीच्या सूत्रात ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत (म्हणजे तीन मात्रांचा) सांगताना उ च निवडलाय, त्याला परंपरेत कोंबड्याच्या आरवण्याशी जोडतात, उ, ऊ, ऊऽ. पाणिनीय शिक्षा म्हणून उच्चारांवरचा जुना ग्रंथ आहे, त्यात तर मुंगसाची अर्धी मात्रा, चाष म्हणजे नीलकंठ पक्ष्याची एक, कावळ्याच्या दोन आणि मोराच्या तीन. माझ्या भाचीच्या मुलीला हे एवढं आवडलं की ती आता दीर्घ ई आली की "क्रो" असं ओरडते.

ए आणि ओ. हे इंग्रजीत सरळ नसतात, देव म्हणताना ते डेय् करतात आणि कोटीचं कोउटी. आवाज एका जागी सुरू होऊन दुसरीकडे घसरतो. उपाय साधा, हनुवटीला बोट लावा, ए म्हणायला लागल्यापासून संपेपर्यंत हनुवटी आणि ओठ हलले नाही पाहिजेत. संस्कृतात हे दोन्ही कायम दीर्घ, हे पण सांगून ठेवा. ऐ आणि औ ला काही करावं लागत नाही, माय आणि काऊ येतात त्याला तेही येतात.

शेवटच्या अ बद्दल मात्र मला थोडं बोलायचंय. आपण "योगा" म्हणणाऱ्यांना फार हसतो. नीट कान देऊन ऐका, इंग्रज माणूस शेवटी आ म्हणतच नाही, सोफा शब्दाच्या शेवटी त्यांचा जो निसटता अ असतो तो म्हणतो. आणि संस्कृतात योग ला शेवटी अ आहेच की! आपण म्हणतो योग्, राम्, अर्जुन्, ते मराठीत बरोबर, संस्कृतात मात्र अक्षराचा पाय मोडलेला. त्यांचं रोमन स्पेलिंग पाहून लांबलचक योगाऽऽ म्हणतो तो आपलाच भारतीय. तेव्हा इथे त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका, फक्त श्लोक म्हणताना सूर लावून ते शेवटचा अ ताणतात तेवढं आवरा. कृष्ण म्हणजे देव आणि कृष्णा म्हणजे द्रौपदी, किंवा आपली नदी. ताणलं की माणूस बदलतो. आपली उलट खोड अशी की आपण शेवटचा इ आणि उ लांबवतो, मराठीत हरी, गुरू, शांती लिहितोच दीर्घ, त्यामुळे हरिः ओम् सुद्धा हरीऽ होतं. शिकवताना पहिले आपण आखूड म्हणायचं.

ऋ ला तर आपल्यापेक्षा अमेरिकन माणूस जास्त जवळ आहे, हे ऐकून आमच्या घरात एकाला रागच आला होता. पण बघा ना, ऋ हा स्वर आहे, र अधिक काहीतरी नव्हे. मराठीत आपण रु म्हणतो, हिंदीवाले रि म्हणतात, कृष्ण मग क्रुष्ण नाहीतर क्रिष्ण, दोन्हीकडे दुसरा स्वर उधार घेतलेला. अमेरिकन बर्ड, कर्टन, पर्पल म्हणतात तेव्हा मधे दुसरा कुठला स्वर नसतोच, नुसता र च गळ्यातून गुणगुणत चालतो. त्यांच्याकडे कर्ट नावाचे लोक असतात, कर्ट म्हण, आता क कागद न हलवता, शेवटचा टी दातांवर आणून त, आणि पुढे छोटा अ. कृत! अगदी वैदिक घनपाठ्यासारखा होईल असं नाही, त्यांचा र फार आत वळलेला आणि ओठ गोल केलेला असतो, ओठ सैल सोडायला सांगा, पण रु-रि पेक्षा बरा. ब्रिटिशांना हे जमत नाही, त्यांना हलकासा रि चालवून घ्या.

साधा र त्यांना येत नाही असं वाटतं, पण तोही आहे, फक्त टीच्या वेषात. अमेरिकन माणूस वॉटर किंवा बटर म्हणतो त्यातला मधला टी ऐका, जीभ टाळूला एकदाच टपकन लागून येते. तोच आपला र. वॉटरमधल्या टीने "राम" म्हण म्हटलं की आधी ते हसतात आणि मग राम अचानक पुण्यातला वाटायला लागतो.

श, ष, स ला मी तो जुना श्लोक सांगते, बाप मुलाला म्हणतो की बाकी फार शिकला नाहीस तरी व्याकरण शीक रे बाबा, म्हणजे स्वजनाचा श्वजन होणार नाही, सकलचं शकल आणि सकृत् चं शकृत्. स्वजन म्हणजे आपली माणसं, श्वजन म्हणजे कुत्री. सकल म्हणजे सगळं, शकल म्हणजे तुकडा. सकृत् म्हणजे एकदा आणि शकृत् म्हणजे शेण. एवढं एक सांगितलं की स-श कधी चुकत नाहीत. इंग्रजी एसएच म्हणताना ओठ पुढे येतात, श साठी ते हसल्यासारखे मागे ओढायचे. ष म्हणजे तोच आवाज पीनट बटरच्या जागेवरून. हे त्यांना अर्ध्या तासात येतं, आपल्यालाच येत नाही, षट्कोन म्हणताना आपल्यापैकी किती जण जीभ वळवतात ते घरात करून बघा.

अनुस्वार पटकन उरकतो कारण इंग्रजीत तो तयार आहे. इंकमधला एन आणि इंचमधला एन आणि टेन्थमधला एन वेगळे, पुढच्या व्यंजनाने ओढलेले, लॅम्पमध्ये तर सरळ म. शङ्कर, पञ्च, अन्त, अम्बा अगदी तसंच. अडचण येते पुढे स, ह, श असेल तेव्हा, संस्कृत, सिंह. तिथे मागचा स्वर नाकातून सोडायचा, बस. आपण तिथे चक्क व घालतो, सौंस्कृत, सिंव्ह. भाचजावयाने मला एकदा विचारलं, मावशी त्यात व कुठून आला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विसर्ग म्हणजे मागच्या स्वराचा श्वासात उमटलेला पडसाद. पाठ करणारे रामः ला शेवटी हलका ह, हरिः ला हि, गुरुः ला हु असं म्हणतात. इंग्रजी माणूस शब्दाच्या शेवटी एच म्हणतच नाही, त्याला काच धुकट करायला सांगा, आरशासमोर "रामह्", आरशावर वाफ आली पाहिजे. शान्तिः तीनदा म्हणतात ना, त्यावर सराव छान होतो.

ज्ञ चा मात्र घोळ आहे आणि तो सगळ्यांचाच. ते स्पेलिंग वाचून ज्ञानयोगाला "जनाना योगा" म्हणतात. लेडीज डब्यातला योग. आपण म्हणतो द्न्यान, हिंदीत ग्यान, गुजरातीत ग्नान. मुळात ज आणि ञ, कॅन्यनमध्ये जो न्य आहे तो ज ला चिकटवायचा, मधे फट नाही. येत नसेल तर भांडू नका, घरात ज्या परंपरेने म्हणतात तसं म्हणू द्या.

व साठी वरचे दात खालच्या ओठाला जेमतेम स्पर्शून जाऊ द्यायचे, व्हीसारखं घासायचं नाही आणि डब्ल्यूसारखे ओठ गोल करायचे नाहीत. जोडाक्षरांत ब्रह्म, चिह्न असे शब्द आले तर आपण स्वतःकडे बघायचं, आपण ब्रम्ह आणि चिन्ह म्हणतो, ते लिहिल्याप्रमाणे ह आधी म्हणतात आणि बरोबर असतात.

द्वित्तावर पण थोडं थांबा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डबल अक्षर असतं पण म्हणताना एकच, म्हणून बुद्धाचा "बूडा". पण दोन शब्द लागून आले की ते थांबतात, गुड डे, ब्लॅक कॅट. गुड डे मध्ये जीभ जशी अडून बसते तशी बुद्‌-ध मध्ये बसवायची, दातांवर. चित्त, दत्त, उत्तम पण तसेच.

आघात हा शेवटचा मोठा धोंडा. इंग्रजीत एका अक्षरावर जोर दिला की बाकीची अक्षरं चेपली जातात, त्यांचे स्वर विरघळून जातात, महाभारताचं "मुहाबारट" होतं ते त्यामुळे. पहिली सूचना ही की कुठलंच अक्षर चेपायचं नाही, लघु एक टाळी, गुरु दोन टाळ्या, रेल्वेच्या रुळासारखं सरळ. तरी त्यांना कुठेतरी जोर द्यायचाच असतो, तर मग पाश्चात्त्य अभ्यासकांचा जो नियम चालतो तो द्या: शेवटून दुसरं अक्षर गुरु असेल तर त्यावर, नसेल तर शेवटून तिसरं गुरु असेल तर त्यावर, तेही नसेल तर चौथ्यावर. गुरु म्हणजे दीर्घ स्वर किंवा पुढे जोडाक्षर. या हिशोबाने हिमालयात जोर मा वर, ल वर नाही. प्राणायामात या वर. आसनात आ वर, योगावाले आसाऽना करतात ते चूक. पतञ्जलीत तञ् वर.

आता सगळं एका ओळीत, कारण सुटं सुटं येतं आणि ओळीत विसरतं. वक्रतुण्ड महाकाय सूर्यकोटिसमप्रभ. आम्ही ती अशी फोडली. वक्, थांब, ब्लॅक कॅटसारखं क वर थोडं अडखळ, मग र वॉटरचा. तु, जीभ दातांवर, कागद शांत, उ आखूड. ण्ड, जीभ उचलून मागे, पीनट बटर. ड चा अ सोडू नकोस. म एक टाळी, हा दोन, का दोन, परत कागद शांत, य एक, आणि य ला ओढायचं नाही. सू दोन टाळ्या. इथे सगळे जण "सूरिया" करतात कारण र आणि य लागून म्हणायची त्यांना सवय नाही, मध्ये इ शिरतोच. मी उलटीकडून बांधत नेते: आधी "य", मग "र्य", जीभ टपकन लावून लगेच य, मग "ऊर्य", मग "सूर्य". को, हनुवटीला बोट. टि, मागे, आणि आखूड, मराठीसारखं कोटी नाही. स म प्र, सगळी मोकळी. शेवटी भ, क्लबहाऊस, आणि त्याला आखूड अ.

अकरा मिनिटं लागली होती पहिल्यांदा या एका ओळीला. दुसरी ओळ निर्विघ्नं कुरु मे देव, त्यातलं विघ्न डॉगहाऊसवरून घेतलं आणि मे देव ला परत हनुवटी. कुरु मध्ये दोन्ही उ आखूड, आपण मराठी लोक दुसरा लांबवतो, तो त्याने लांबवला नाही.

सरावाचं सांगायचं तर रोज पाच-सात मिनिटं पुरतात, रविवारी एकदम तासभर बसून काही होत नाही, जीभ दमते. व्हॉट्सॲपवर तुमचा आवाज आणि त्याचा आवाज लागोपाठ राहू द्या आणि त्याला स्वतःला दोन्ही पाठोपाठ ऐकायला सांगा, तिसऱ्या आठवड्यात त्याला क-ख चा फरक ऐकू यायला लागेल, तोपर्यंत कागदावर भिस्त. एका दिवशी एकच जोडी दुरुस्त करायची. मी पहिल्या महिन्यात एकाच ओळीत नऊ चुका दाखवल्या होत्या तेव्हा त्याने चार दिवस रेकॉर्डिंगच पाठवलं नाही. पाणिनीय शिक्षेत म्हटलंय की वाघीण पिल्लांना दातांत धरून नेते, पडू देत नाही आणि दात लागूही देत नाही, तसे वर्ण म्हणावेत. भाचीने ते वाचून मला कळवलं की मावशी, शिकवताना पण.

त्या गणपतीला त्याने मोठ्याने म्हटलं. सूर्य अजून सूरियाच आहे.